दुसऱ्या पानाच्या तळाशी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. देवळात हात जोडतानासुद्धा मी याच्या कडेकडेनं गेलो, यावर पाय पडू दिला नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर मी आताही काहीतरी बरं दिसणारं बोललो असतो. मला ते जमतं. बोलणं जमतं, लिहिणं तर त्याहून — आणि तिथंच सगळं —

थांबा. असं मधूनच नको.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याची मुलगी गावी आली होती. बेळगावात कसल्याशा कंपनीत आहे. ऑफिसात त्यांना ईमेल कशी लिहायची ते शिकवलं म्हणे. पडवीत बसून मला मोबाईलवर दाखवत होती. "आजोबा, पहिली ओळ छोटी पाहिजे, आणि वाचणाऱ्यानं दचकून थांबलं पाहिजे. न्हाईतर तो पुढं वाचतच न्हाई, सरळ पुसून टाकतो." मग हसून म्हणाली, "मला सगळ्यात आधी जमलं. आमच्या घरातच हाय ते. तुमच्याकडनं आलंय, सगळे सांगतात."

मी उठून गोठ्यात गेलो. गुरांना पाणी पाजून झालं होतं, तरी परत बादली भरली. ती पोर माझ्या वैनीची नात. वैनीच्या नातीनं हे मला म्हणावं! तिला काय माहीत? कुणालाच माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं होतं, ती दोघंही आता या जगात नाहीत.

आमचा वाडा नंदिगड्ड्याच्या अलीकडे, गुंदला जाणाऱ्या वाटेच्या आत. वाडा म्हणजे आमच्याकडं झाडीत विखुरलेली थोडीशी घरं, मधे भाताची खाचरं आणि भोवती रान. मी दांडेलीला मावशीकडं राहून दहावीपर्यंत कानडी शाळेत शिकलो. पुढं जमलं नाही, परत येऊन नांगर धरला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. वाड्यावर बाजारापुरतं कानडी सगळ्यांना यायचं, पण सरकारी कागदावरचं कानडी लिहिणारा मी एकटाच. त्यामुळे कुणालाही काही मागायचं असलं की माझ्या दारात. रॉकेल मिळत नाही, लिही. मास्तर येत नाही, लिही.

सुरुवातीला मी शाळेत शिकवलं तसं लिहायचो — मान्यरे, तम्मल्लि केळिकोळ्ळुवुदेनेंदरे. म्हणजे 'मान्यवर, आपणांस विनंती अशी की'. मग गावाचं नाव, पंचायतीचं नाव, आमचे बापजादे कधीपासून इथं राहतात ते. खरी मागणी येईपर्यंत पान संपायचं. अर्ज जायचे आणि रानात हाक मारल्यासारखं व्हायचं, उत्तर नाही.

एकदा जोयड्याच्या तालुका ऑफिसात एका म्हाताऱ्या कारकुनानं मला बाकावर बसवून सांगितलं, "तमा, साहेब पहिली ओळ वाचतात. तेवढ्यात त्यांचा चहा थांबला तर तुझं काम झालं. चहा थांबला नाही तर मी कागद फाईलला लावतो." तो गमतीनं बोलला. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो. साहेबाचा चहा थांबला पाहिजे.

आमच्या ओढ्यावर साकव नव्हता. पावसाळ्यात पलीकडं जाता यायचं नाही. एका वर्षी एक म्हातारं पाण्याच्या दिवसांत गेलं आणि ओढा उतरेपर्यंत एक रात्र घरातच ठेवावं लागलं. मी अर्जाच्या सुरुवातीलाच लिहिलं — 'साहेब, आमच्याकडं पावसाळ्यात मेलेल्या माणसाला दिवसेंदिवस जिवंतांबरोबर ठेवावं लागतं.' मान्यरे वगैरे सगळं खाली ढकललं. दुसऱ्या पावसाळ्याआधी साकव आला. वाड्यानं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

एका रात्रीचं 'दिवसेंदिवस' मी केलं होतं, हे कुणी काढलं नाही. मीही नाही. साकव तर खरा होता ना? त्यावरून बाया पाण्यात न भिजता जात होत्या ना? मला वाटलं, खरं थोडं ताणलं तर ते तुटत नाही. असंच वाटलं.

मग फकीरप्पा आले.

धारवाडकडचे. जंगलखात्याचे गार्ड म्हणून आमच्या भागात बदलून आले. उंच, काळेसावळे, कपाळाला विभूती. बायको गंगव्वा आणि लग्नाला आलेली एक मुलगी, गुंदच्या वाटेवर भाड्याच्या खोलीत राहायची. त्यांच्या आधीचा गार्ड कोंबडा किंवा मधाची बाटली घेऊन दुसरीकडं बघायचा. फकीरप्पांना एकानं मध दिला, तर त्यांनी तो परत त्याच्या दारात नेऊन ठेवला. तिथूनच वाड्याचं डोकं फिरलं. कोंबडा खाणाऱ्याशी कसं वागायचं ते आम्हाला ठाऊक होतं. न खाणाऱ्याशी काय करायचं?

ते नियमानं चालायचे. पडलेलं वाळलेलं लाकूड न्या, हिरवं तोडू नका. बांबू मोजून. आमच्या दृष्टीनं ते रान आमचं, पिढ्यान् पिढ्यांचं. त्यांच्या दृष्टीनं सरकारचं. दोन्ही बाजूंनी काहीतरी खरं होतं, हे मला आता सांगता येतं. तेव्हा मला फक्त राग होता.

एका सकाळी वैनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मोळी घेऊन येत होती. वाळक्या लाकडांत एक हिरवी फांदी होती. फकीरप्पा आडवे आले. मोळी डोक्यावरून ओढून खाली घेतली आणि कोयता काढून घेतला. तो कोयता तिच्या माहेरचा होता, बापानं दिलेला. वैनी रडत घरी आली. अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं — मोळी घेतली, कोयता घेतला. त्याहून जास्त काही नाही. मी तिथंच उभा होतो. मी ऐकलं.

हे लक्षात ठेवा. मी ऐकलं होतं.

देवळाच्या कट्ट्यावर माणसं जमली. सगळ्यांचं एकच म्हणणं, याची बदली झाली पाहिजे. बदली, एवढंच. कुणाला त्याचं वाईट करायचं नव्हतं. आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

मी घरी येऊन कागद घेतला. लिहिलं — 'गार्ड आम्हाला सरपण आणू देत नाही.' वाचून बघितलं. चहा थांबत नव्हता. प्रत्येक गार्डाबद्दल असंच लिहून येत असणार. 'गार्डानं गरीब बाईची मोळी हिसकावली.' तरी नाही. मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो आणि — हे सांगायला नको वाटतं — मला त्यात मजा येत होती. शब्द हातात घेऊन धार बघायची, परत ठेवायचा. राग केव्हाच मागे पडला होता. मला फक्त ती ओळ हवी होती.

आणि ती आली. 'साहेब, आमच्या बायका रानात जायला भितात, गार्ड त्यांच्या अंगावर हात टाकतो.'

कट्ट्यावर मी ती मोठ्यानं वाचली, आधी कानडीत, मग आपल्या भाषेत.  आमचा बुधवंत, म्हणजे वाड्याचा वडीलधारा, हळूच म्हणाला, "शंकर, असं झालंय काय रे?"

मी म्हणालो, "झालं न्हाई. पर व्हायला किती वेळ लागतोय?"

"आनि त्या मानसाला काय व्हईल?"

"बदली व्हईल. दुसरं काय?"

बुधवंत बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. मग त्यानं अंगठा पुढं केला. त्याच्यामागं सगळ्यांनी. बाईमाणूस कट्ट्यावर एकही नव्हतं. ज्यांच्या अंगाबद्दल मी लिहिलं होतं, त्यातल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं. ते माझ्या मनातच आलं नाही. आलं नाही, की मी येऊ दिलं नाही?

साहेबाचा चहा थांबला. थोड्याच दिवसांत जीप आली.

साहेब म्हैसूरकडचे होते, त्यांना आपली भाषा कळत नव्हती. फकीरप्पांनाही जेमतेम. शाळेच्या ओसरीवर खुर्ची टाकली, वाडा सगळा गोळा झाला. फकीरप्पा टोपी काखेत धरून उभे होते. साहेबांनी अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिची मोळी घेतली ती कोण, ते आठवत असल्यासारखे ते बायकांकडं एकेक करून बघत होते. मग वैनीकडं बोट करून म्हणाले, "इल्ला साहेब्रे, असं काही नाही. तिला विचारा."

वैनीला पुढं बोलावलं. तिला कानडी येत होतं, पण खुर्चीतल्या साहेबापुढं ती आपल्याच बोलीत बोलली. साहेबांनी मला खूण केली, हिचं बोलणं कानडीत सांग.

वैनी म्हणाली, "माझ्या डोक्यावरची मोळी वडली त्यानं. कोयता घेटला. कोयता माझ्या बानं दिल्याला, म्हनून रडू आलं."

मी कानडीत म्हणालो, "त्यानं ओढलं, असं ती सांगते. पुढचं सांगायला तिला लाज वाटते."

झालं. एवढंच. एवढ्याशा दोन वाक्यांना किती वेळ लागतो? साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. वैनीला अजून काही विचारलं नाही. चांगला माणूस होता, बाईला जास्त ताटकळत ठेवू नये म्हणून.

पण वैनीला कानडी कळत होतं. मी काय सांगितलं ते तिला अक्षर न् अक्षर कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय बघितलं तिच्या डोळ्यांत, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती बोलली असती तर? दीर खोटा, वाडा खोटा, नवऱ्याचा अंगठा खोटा. सगळा वाडा तिच्या पाठीशी उभा होता — म्हणजे तिच्या वाटेत उभा होता. ती पदर ओढून मागं सरकली. साहेबांना वाटलं, लाजली.

घरी आल्यावर चुलीपाशी ती एवढंच म्हणाली, "भावजी, मी असं कुटं बोलले?"

"वैनी, बदली व्हायला पायजे ना? तेवढ्यापुरतं हाय ते."

"त्यात माझं नाव गेलं की."

मी काहीतरी पुटपुटून बाहेर आलो. दादानं, माझ्या भावानं, तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. खरं काय ते त्यालाही माहीत होतं, त्यानंही अंगठा दिला होता. पण लोक कुजबुजत राहिले, आणि ऐकून ऐकून, मला वाटतं, त्यालाही तेच खरं वाटायला लागलं. तो गप्प होत गेला. वैनीला परत रानात एकटीला जाऊ दिलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती मला ताट वाढायची, पाणी द्यायची, आजारपणात काढे करून द्यायची. पण 'भावजी' म्हणून हाक तिनं मला परत मारली नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगायची — त्यांना सांग, जेवायला चला.

फकीरप्पांची बदली झाली नाही. सस्पेंड झाले. हा शब्द वाड्यावर पहिल्यांदा आला तो असा. त्यांनी खोली सोडली त्या दिवशी मी नांगरट सोडून मुद्दाम दुसऱ्या वाटेनं गेलो. बस दिसू नये म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, तरुण होतास, वाड्यासाठी केलंस, एक ओळ चुकली. मीही स्वतःला हेच सांगत आलो. आणि इतकंच असतं तर कदाचित कधीतरी कुणाजवळ मी बोललोही असतो. रागाच्या भरात झालं असं म्हणता येतं. पण जे खरं सांगायचंय ते हे नाहीच. ते यानंतरचं आहे, आणि त्यात राग नव्हता. शांत बसून केलेलं आहे ते.

पुढच्या वर्षी माघात मी उळवीच्या जत्रेला गेलो. जत्रेला धारवाड-हावेरीकडून बैलगाड्या येतात, रांगच्या रांग. झाडाखाली बैल सोडलेले, चुली पेटलेल्या, धुळीचा लोट. देवाचं दर्शन घेऊन मी बाहेर पडलो आणि मागून हाक आली, "शंकरण्णा!"

फकीरप्पा. खाकी नव्हती, साधं धोतर आणि खांद्यावर टॉवेल. बारीक झालेले.  मला वाटलं, आता चारचौघांत गचांडी धरणार. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्हालाच शोधत होतो. तुमच्या वाड्याची माणसं जत्रेला येतात, तुम्हीही याल असं वाटलं." ते कानडीत बोलत होते, मी माझ्या शब्दांत सांगतो. "तुम्ही त्या दिवशी तिथं होता. ती बाई लाजली, तिनं काही सांगितलं नाही, हे तुम्ही बघितलं. मला तेवढंच पाहिजे. साहेबांना एक अर्ज द्यायचाय. मी लिहितो, पण माझं लिहिणं कुणी वाचत नाही. तुमचं वाचतात. तुमच्या अर्जानं साकव आला, मी गुंदात असताना ऐकलंय."

त्यांच्याविरुद्धचा तो अर्ज कुणी लिहिला, ते त्यांना माहीत नव्हतं. वाड्याचा अर्ज, एवढंच सांगितलं होतं त्यांना. मी फक्त भाषा सांगणारा, असं ते समजत होते.

त्यांनी मला त्यांच्या गाडीपाशी नेलं. गंगव्वानं पाणी दिलं. मुलगी मागं तोंड फिरवून भांडी घासत होती. फकीरप्पांनी आवाज खाली घेऊन सांगितलं, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. पाहुण्यांच्या कानावर गेलं. मग थैलीतून कोरे कागद काढले, बाभळीच्या सावलीत घोंगडं अंथरलं आणि मला बसवलं.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

ते म्हणाले, "त्या बाईला परत एकदा विचारा. बाई माणसाकडून विचारा. मी तिथं येणार नाही. ती जे म्हणेल ते मला कबूल."

तुम्हाला कळतंय का? ही ओळ होती. मी आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या ओळींपेक्षा चांगली. 'त्या बाईला परत एकदा विचारा, ती जे म्हणेल ते मला कबूल.' एकही शब्द वाढवायला नको, एकही कमी करायला नको. कुठल्याही साहेबाचा चहा थांबला असता. हात टाकणारा गुन्हेगार असं कधी लिहितो का? हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. ज्या माणसाला याची पारख होती तो मीच होतो, त्या सगळ्या जत्रेत एकटा मी.

आणि मला दुसरंही कळलं. खरंच परत विचारलं, एखाद्या बाईनं घरात बसून, मला बाहेर ठेवून विचारलं — तर वैनी सांगेल. मोळी वडली म्हणून सांगेल. मग तिच्या बोलण्याचं कानडी कुणी केलं होतं ते निघेल. मग अर्ज कुणाच्या अक्षरातला आहे ते निघेल.

मी पेन उघडलं. आणि लिहिलं — मान्यरे, तम्मल्लि केळिकोळ्ळुवुदेनेंदरे.

मग त्यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. कधी नोकरीला लागले. कुठं कुठं बदल्या झाल्या. घराची परिस्थिती. देवावरची श्रद्धा. खात्याबद्दलची निष्ठा. एका वाक्याला दुसरं वाक्य जोडत, अवघड शब्द शोधून शोधून. ज्या अर्जांना कधीच उत्तर आलं नव्हतं, तसाच. चुकून नाही. सगळी हुशारी पणाला लावून मी तो अर्ज मारला. त्यांची ओळ मी दुसऱ्या पानाच्या तळाशी नेली, 'तरी सदर प्रकरणी संबंधितांची फेरचौकशी होणे बाबत योग्य तो विचार व्हावा' अशा शब्दांत. त्यात बाई नव्हती. त्यात तिला विचारणं नव्हतं. 'ती जे म्हणेल ते मला कबूल' हे तर मी लिहिलंच नाही.

वाचून दाखवला. फकीरप्पा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वकिलानं लिहावा तसा झाला, शंकरण्णा. मला तर एवढे शब्द सुचलेच नसते." गंगव्वानं पदराच्या टोकानं डोळे पुसले. त्यांनी कागद कपाळाला लावला, घडी घालून छातीशी ठेवला. मला प्रसादाचा नारळ दिला. मी घेतला.

तो घेताना माझा हात थरथरला, असं सांगायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. मला हायसं वाटलं होतं.

पुढं काय होणार होतं? वर्षभरानं मी जोयड्याला काही कामासाठी गेलो तेव्हा गार्डाचा विषय कसाबसा काढला. कारकून म्हणाला, "त्याचा अर्ज आलता म्हणे वर. लांबच लांब. नवीन काही नव्हतं त्यात." नोकरी गेली. अर्ज कुणी मन लावून वाचला असता तर तळाशी काहीतरी सापडलंही असतं, असं एक मन म्हणतं. पण मन लावून वाचू नये म्हणूनच तर मी तो तसा लिहिला होता. वाचणाऱ्यांचा दोष त्यात कुठला?

मी अर्ज लिहिणं सोडलं, असंही झालं नाही. लिहीत राहिलो. लोक लांबून यायला लागले. रामनगरहूनसुद्धा. पहिली ओळ शंकरकडनं घ्या, असं म्हणायचे. मला ते आवडायचं. लाज वाटायची आणि आवडायचं, दोन्ही एकदम. असं होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

वैनी नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत गेली, काविळीनं. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसायचो. खोलीत आम्ही दोघंच असायचो, किती तरी वेळा. मी बोललो नाही. ती भिंतीकडं तोंड करून असायची. तिनं मला वाचवलं, असं मी काही दिवस मनाशी धरून होतो. कसलं वाचवणं? तिला बोलायला जागा कुणी ठेवली होती? मी तिच्या तोंडातून तिचं बोलणं काढून घेतलं, साहेबापुढं, सगळ्यांदेखत, आणि ते परत कधी दिलं नाही.

तिच्या बाराव्यानंतर मला राहवेना. मी धारवाडची बस धरली, तिथून फकीरप्पांच्या गावची. सांगायचं, असं पक्कं ठरवलं होतं. बसमध्ये मी मनात वाक्यं लावत होतो. सुरुवातीलाच सांगायचं, घोळ घालायचा नाही. वाक्य तयार होतं. छोटं, सरळ.

फकीरप्पा घराबाहेरच्या कट्ट्यावर शेजाऱ्यांबरोबर बसले होते. केस पांढरे झालेले. एका गोदामावर राखणीला जात होते तेव्हा. मुलीचं लग्न झालं होतं, उशिरा, बिजवराशी. हे सगळं नंतर कळलं. मला बघून ते आधी ओळखेनात. मग उठले, घाईनं, आणि माझा हात धरून शेजाऱ्यांपुढं उभं केलं.

"हेच ते शंकरण्णा," ते म्हणाले. "तिकडच्या रानातले. सगळा गाव माझ्यावर उठला होता, तेव्हा ह्या एकट्या माणसानं माझ्यासाठी कागद हातात घेतला. जत्रा सोडून माझ्यासाठी बसून लिहिलं. काम झालं नाही, ते माझं नशीब. पण हा माणूस —"

शेजारी उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं मला वाकून नमस्कार केला. माझ्या बापाच्या वयाचा असेल.

तोंडात वाक्य तयार होतं, सांगितलं ना. छोटं, सरळ. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "त्यात काय एवढं."

मला घरात नेलं. पाय धुवायला पाणी दिलं. गंगव्वानं जोंधळ्याची भाकरी केली, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. फकीरप्पा माझ्याशेजारी बसून मला वारा घालत होते, मी नको नको म्हणेपर्यंत. मी जेवलो. चांगलं झालं होतं जेवण, तेही मला आठवतं. गंगव्वा परत भाकरी घेऊन आली आणि विचारलं, अजून एक?

मी ताट पुढं केलं.